गाडीचा सायलेन्सर घरच्या घरी बदलायचा असेल तर

गाडी अचानक मोठ्याने वाजायला लागली की बहुतेक ठिकाणी एकच निकाल ऐकायला मिळतो: सायलेन्सर गेला, पूर्ण बदलावा लागेल. प्रत्यक्षात कितीदा तरी डबा शाबूत असतो. जोडाच्या मधलं गॅस्केट (जोड हवाबंद ठेवणारी चकती) जळालेलं असतं, एखादं रबर तुटून पाइप लोंबत असतो, किंवा नुसती धग अडवणारी पत्र्याची हीट शील्ड सुटून झणझणत असते. म्हणून आधी नेमकं काय गेलंय ते शोधायचं, पैसे नंतर काढायचे. आणि डबा खरंच बदलायचा ठरला, तर एक गोष्ट पक्की धरून चाला. डबा टांगणं हा या कामातला सोपा भाग आहे. वेळ खातात ते गंजलेले नट-बोल्ट, आणि पुढे त्रास देतात ती जुनीच ठेवलेली रबरं आणि गॅस्केटं.

नेमकं काय गेलंय

इंजिनातला धूर आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये येतो, तिथून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्यात. हल्लीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत हे दोन्ही इंजिनाला चिकटून एकत्रच असतात. पुढे जाळीदार लवचिक तुकडा येतो, त्याला फ्लेक्सिबल म्हणतात. मग मधला पाइप, काही गाड्यांत त्यावर एक छोटा डबा, आणि शेवटी मागच्या बंपरखाली मोठा डबा, म्हणजे आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो तो. घरी करण्यासारखं काम फ्लेक्सिबलच्या मागचं. मॅनिफोल्ड आणि कन्व्हर्टरला घरी हात लावू नका. तिथला एक स्टड, म्हणजे इंजिनात बसवलेला बोल्ट, इंजिनाच्या हेडमध्ये तुटला तर खर्च डब्याच्या कित्येक पट होतो.

तपासणी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना करा. गाडी उघड्यावर घ्या. बेसमेंट पार्किंगमध्ये हे करायचं नाही, धूर साठतो. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू केल्यावर दुसऱ्या माणसाने जाड हातमोजा घालून ओल्या फडक्याने टेल पाइपचं तोंड दोन-तीन सेकंद दाबून धरायचं. जोड धड असतील तर फडक्याला चांगला दाब जाणवतो आणि इंजिन गुदमरायला लागतं. गळती असेल तर दाब येतच नाही, आणि जिथून हवा निसटते तिथून फुसफुस ऐकू येते. आवाजाचा माग काढत टॉर्च मारलात की त्या जागी काजळीचा काळा फराटा दिसेल. फराटा जोडावर असेल तर गॅस्केट गेलंय. डब्याच्या शिवणीवर किंवा पाइप डब्यात शिरतो तिथे असेल तर डबा सडलाय.

गाडी गार असताना डब्यावर मुठीने ठोका. आत खडखड झाली तर आतला पडदा सुटलाय, आणि तो बाहेरून दुरुस्त होत नाही. गाडी उभी असताना पत्र्याचा झणझण आवाज येत असेल आणि हीट शील्ड हाताने दाबल्यावर थांबत असेल, तर मोठी स्टीलची होज क्लिप पाइपाभोवती आवळून काम भागतं. गार इंजिनावर पुढून टकटक येते आणि गाडी तापल्यावर ती बंद होते, असं असेल तर मॅनिफोल्डचं गॅस्केट गळतंय. ते गॅरेजला द्या.

फ्लेक्सिबलची जाळी फाटलेली दिसली तर नवा तुकडा टाकण्याआधी इंजिनाची माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार, तपासा. बॉनेट उघडून कुणालातरी क्लच सोडता-सोडता गाडी जराशी ओढायला सांगा. इंजिन उसळी मारत असेल तर माउंटिंगचं रबर बसलंय. इंजिनाचा प्रत्येक झोका फ्लेक्सिबलवर येतो, म्हणून ते फाटतं. माउंटिंग तसंच ठेवून टाकलेलं नवं फ्लेक्सिबलही फार दिवस टिकत नाही.

आणि केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर काम पुढच्या रविवारवर ढकलू नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःचा वास नसतो, डोकं जड होतं आणि माणूस झोपेत जातो. दुरुस्ती होईपर्यंत एसी आतलीच हवा फिरवण्यावर ठेवू नका, काचा उघड्या ठेवा, आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसू नका.

आपल्याकडे डबा इतक्या लवकर का सडतो

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. लांब पल्ल्यावर डबा तापतो आणि ती वाफ बाहेर निघून जाते. पण ठाण्यात नौपाड्यातून स्टेशन, स्टेशनवरून घर, किंवा नवी मुंबईत ऐरोलीतल्या ऐरोलीत मुलांना शाळेत सोडणं एवढंच गाडीचं काम असेल तर मागचा डबा नीट तापतच नाही. वाफ आतच गार होऊन तळाला साचते, धुरातली आम्लं तिच्यात मिसळतात आणि पत्रा आतून खायला लागतात. म्हणून बाहेरून बरा दिसणारा डबा एक दिवस तळाला बोट जाईल एवढा फुटतो.

सीएनजीवर हे जास्तच. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी होतं, पेट्रोलच्या एका किलोला ते दीड किलोच्या आत असतं. ठाण्यात आणि नवी मुंबईत निम्म्या ओळखीच्या गाड्या सीएनजीच्या दिसतात, तेव्हा हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वर खाडीची खारी हवा आणि चार महिने चाकांनी उडवलेलं पाणी आहेच.

यासाठीच बऱ्याच डब्यांच्या तळाला दोन-तीन मिलिमीटरचं एक बारीक भोक कंपनीनेच ठेवलेलं असतं. साचलेलं पाणी तिथून ठिबकतं. सकाळी गाडीमागे पाण्याचे थेंब दिसले म्हणजे बिघाड नव्हे. ते भोक गळती समजून वेल्डिंगने बुजवून घेणारे पुष्कळ आहेत. बुजवलं की पाणी आतच राहतं आणि डब्याचं आयुष्य घटतं. नव्या डब्यालाही हे भोक असेल तर ते खालच्या बाजूला येतंय ना ते बसवताना पाहा.

खरेदी

दुकानात जाण्याआधी आरसी बुकातला सतरा अंकी-अक्षरी चासी नंबर, गाडी बनल्याचा महिना-वर्ष, इंधन आणि बीएस-४ की बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी टप्पे) हे लिहून घ्या. एकाच नावाच्या गाडीत बीएस-४ आणि बीएस-६चा पाइप वेगळा असू शकतो, एप्रिल २०२०च्या आसपासच्या गाड्यांत तर हमखास गोंधळ होतो. कंपनीच्या स्पेअर्सच्या दुकानात चासी नंबरावरून पार्ट नंबर काढून मिळतो. तो पार्ट नंबर हातात आला की पुढची सगळी चौकशी त्यावरूनच करा, गाडीच्या नावावरून नको.

कंपनीच्या भागावर छापील किंमत असते. २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीचं लेबल असलेला जुना माल देत असतील तर किंमत नव्या दराने लावलीय का ते बिलात पाहा.

ठाण्यात वागळे इस्टेट, नवी मुंबईत तुर्भे आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या औद्योगिक पट्ट्यात चौकशी करा. मुंबईत उतरायची तयारी असेल तर नव्या मालासाठी ऑपेरा हाउसची बाजारपेठ, आणि जुन्या गाड्यांतून निघालेल्या मालासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना डबा घेण्यात मात्र फारसा अर्थ नाही. तो आतून किती खाल्ला गेलाय ते बाहेरून कळत नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीत सडलेली वर्षं तुमच्या पैशात मोजली जातात. गाडी बंद झालेल्या मॉडेलची असेल आणि नवा भाग मिळतच नसेल तरच तो विचार करा, तोही हलवून, ठोकून, उन्हात आत टॉर्च मारून पाहिल्यावर.

कंपनीचा डबा आणि लोकल डबा यांत मुख्य फरक पत्र्याचा. कंपन्या साधारणपणे ४०९ दर्जाचं स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा वापरतात. स्वस्तातल्या डब्यात साधा लोखंडी पत्रा आणि वर काळा किंवा चंदेरी रंग असतो. दुकानात काहीजण चुंबक लावून दाखवतात, चिकटला म्हणजे साधं लोखंड. ही परीक्षा इथे चालत नाही. ४०९ स्टेनलेस असूनही चुंबकाला चिकटतं. न चिकटणारं ३०४ हे महाग असतं आणि नेहमीच्या डब्यात क्वचितच दिसतं. त्यापेक्षा डबा हातात घेऊन जुन्याशी वजन ताडून पाहा. सारख्या आकाराचा डबा लक्षणीय हलका लागत असेल तर पत्रा पातळ आहे किंवा आत पडदे कमी आहेत. वेल्डिंगची शिवण सलग हवी, ठिपक्याठिपक्यांची नको. फ्लँज, म्हणजे पाइपाच्या टोकाची बोल्टांची भोकं असलेली सपाट चकती, एखाद्या सपाट फरशीवर उलटी ठेवून डुलते का पाहा. डुलली तर तो जोड कितीही आवळला तरी गळणार.

शक्य असेल तर गाडीच घेऊन जा, नाहीतर जुन्या डब्याचे खालून काढलेले फोटो. डबा टांगायच्या हँगरच्या सळ्या किती आणि कुठल्या बाजूला वळलेल्या, फ्लँजला दोन भोकं की तीन, पाइप मागच्या ॲक्सलवरून कुठल्या कोनात जातो, हे जुळायला हवं. सरकवून बसणारा जोड असेल तर पाइपाचा बाहेरचा व्यास लागतो. कॅलिपर नसेल तर पाइपाला दोरा एक वेढा घट्ट गुंडाळा, त्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा आणि ३.१४ने भागा. दोरा १३२ मिलिमीटर भरला तर पाइप ४२चा. गंजाचे पापुद्रे आधी तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर माप एक-दोन मिलिमीटरने फसतं आणि तेवढ्यानेही जोड बसत नाही.

आवाज वाढवणारा 'स्पोर्ट्स' डबा घेऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२०प्रमाणे प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवा, आणि आवाजाची किंवा हवेच्या प्रदूषणाची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रुग्णालयाशेजारी, रात्री सोसायटीत शिरताना त्या आवाजाचा त्रास कुणाला होतो तेही आपल्याला माहीत असतं.

डब्याबरोबर हे घ्याच: सगळी हँगर रबरं, फक्त तुटलेलं नव्हे. एक रबर नवं आणि बाकी ताणलेली असली की सगळं वजन नव्यावर येतं. रबरं किती ते मोजून घ्या, लहान गाडीत बहुतेक तीन ते पाच असतात. जोडाचं गॅस्केट किंवा गोल रिंग. स्प्रिंगवाला जोड असेल तर बोल्ट आणि स्प्रिंगा. फ्लँजसाठी ८.८ दर्जाचे नट-बोल्ट, अधिकचे दोन. कॉपर ग्रीसची छोटी ट्यूब. सरकवून बसणाऱ्या जोडासाठी पट्टीचा क्लॅम्प मागा. यू-बोल्टही चालतो, पण तो पाइपाला चिमटा काढतो आणि पुढच्या वेळी पाइप कापावाच लागतो.

जागा आणि उचलणं

हे काम मृग लागायच्या आधी उरका. पावसात ओल्या जमिनीवर जॅक लावून गाडीखाली झोपणं बरोबर नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर सेक्रेटरींना आधी सांगा, खाली जाड पुठ्ठा किंवा ताडपत्री अंथरा, आणि ठोकाठोकीचं काम दुपारच्या झोपेच्या वेळी काढू नका. जमीन सपाट काँक्रीटची हवी. पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली किमान १८ मिलिमीटरची प्लाय द्या. उन्हात मऊ पडलेल्या डांबरावर स्टँडचे पाय रुततात, तिथे तर प्लायशिवाय नकोच. उतारावर, रस्त्याच्या कडेला हे काम करायचंच नाही.

गाडी उचलायला जॅक, पण गाडी पेलायला जॅक स्टँड, म्हणजे गॅरेजातली घोडी. दोन टनांची किंवा जास्त क्षमतेची जोडी घ्या. डिकीतल्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका. विटा, सिमेंटचे ब्लॉक अजिबात नकोत, ते सूचना न देता एकदम फुटतात.

एक चूक इथे फार जणांकडून होते. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना लागतो, आणि आपण उचलतो तो गाडीचा मागचाच भाग. मागची चाकं हवेत गेली की हँडब्रेकचा उपयोग शून्य. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे ठोकून बसवा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. जॅक आणि घोडी लावायच्या जागा मालकाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या असतात. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला दोन खाचा असतात, त्यांच्या मधोमध. दोन्ही घोड्या लागल्या की जॅक सोडा आणि गाडीला बाजूने हाताने जोराचा हिसका द्या. हलली तर पुन्हा लावा. काढलेलं स्टेपनीचं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, घोडी घसरलीच तर तेवढी फट उरते.

सीएनजी गाडीत सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह आधी बंद करा. गॅसची स्टीलची नळी खालूनच पुढे जाते आणि कधीकधी पाइपापासून वीतभर अंतरावर असते. गाडीखाली ग्राइंडर किंवा गॅस कटर चालवायचा नाही, पेट्रोल गाडीतही नाही. टाकी तिथेच असते.

काढणं

आदल्या रात्री प्रत्येक नटावर तारेचा ब्रश मारून गंज झाडा आणि डब्ल्यूडी-४० किंवा तसलं तेल मारून ठेवा. सकाळी पुन्हा एकदा. एवढ्या एका गोष्टीने अर्धी तुटफूट वाचते. इंजिन रात्रभर बंद असलेलं हवं. कन्व्हर्टर चालू गाडीत कित्येकशे अंशांपर्यंत तापतो आणि त्याची धग तासन्‌तास राहते. खाली जाताना चष्मा घाला. साधा नव्हे, बाजूने बंद असलेला. गंजाचे पापुद्रे सरळ डोळ्यात पडतात.

जपानी वळणाच्या गाड्यांत नटांना बहुतेक १२ आणि १४चा पाना लागतो, युरोपीय वळणाच्या गाड्यांत १३, १६ किंवा १७. सहा कोनांची गोटी (सॉकेट) वापरा. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करते. फिक्स पान्याने पहिला जोर लावू नका, तो नक्की घसरतो.

नट आधी सोडवायच्या दिशेने ओढू नका. थोडा आवळा, अगदी किंचित. कट्‌ असा आवाज आला की गंजाची पकड सुटली. मग सोडवा, पाव फेरी पुढे, थोडी मागे, पुन्हा तेल, पुन्हा पाव फेरी. एकाच दमात फिरवलात तर आट्यांत साठलेला गंज बोल्टाला पिळतो आणि बोल्ट फ्लँजलगत तुटतो. तसा तुटलाच तर घाबरायचं कारण नाही, मागच्या फ्लँजांवर बोल्ट आरपार असतो. उरलेला तुकडा ठोकून किंवा ड्रिलने काढा आणि त्या जागी नवा नट-बोल्ट घाला. नटाचे कोपरेच गेले असतील तर हॅकसॉने बोल्ट कापा. वेळ लागतो, पण ठिणगी उडत नाही.

बोल्ट पूर्ण सोडण्याआधी मधल्या पाइपाखाली जॅक किंवा लाकडाची उतरंड देऊन ठेवा. आधाराशिवाय सोडलात तर सगळं वजन फ्लेक्सिबलवर लोंबतं आणि चांगलं फ्लेक्सिबल फाटतं.

रबरं काढायला ताकदीपेक्षा साबणाचं पाणी कामी येतं. सळी आणि रबर दोन्हींवर भरपूर मारा, टॉमी किंवा जाड स्क्रूड्रायव्हर रबराच्या आडून घाला आणि सळीच्या दिशेने ढकला. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नका. नवं रबर फुगतं आणि महिन्याभरात सैल पडतं. जुनी रबरं टाकायचीच आहेत, तर सरळ कापून काढलीत तरी चालेल.

पाइप ॲक्सलवरून वळून जात असेल तर डबा सुटल्यावरही तो सहज बाहेर येत नाही. मागचा भाग डावी-उजवीकडे फिरवत, पुढचं टोक खाली दाबत काढावा लागतो. इथे माणूस वैतागून पाइप उचकटायला जातो आणि ब्रेकची नळी वाकवतो. आधी ती नळी आणि हँडब्रेकची केबल कुठे आहे ते बघून ठेवा. अगदीच येत नसेल आणि पाइप टाकायचाच असेल, तर ॲक्सलच्या मागे हॅकसॉने कापून दोन तुकड्यांत काढा.

तुमच्या गाडीत या भागात ऑक्सिजन सेन्सर असेल तर पाइप हलवण्याआधी त्याचा कनेक्टर काढा. सेन्सर सोडवताना वायर पाइपाबरोबर पिळली जाता कामा नये. त्याला २२चा खाच असलेला पाना मिळतो. परत लावताना टोकाला कसलंही ग्रीस लागू देऊ नका, आणि जवळपास सिलिकॉनचा सीलंट वापरू नका. सिलिकॉनची वाफ सेन्सर कायमचा मारते.

बसवणं

बसवण्याआधी नवा आणि जुना डबा जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवा. कुठे दहा मिलिमीटर फरक दिसतोय का? हँगरची सळी वेगळ्या कोनात असेल तर आत्ताच परत द्यायला जा. गाडीखाली झोपून सळी वाकवून बसवलेला डबा कधीच नीट लटकत नाही.

पुढच्या फ्लँजचा पृष्ठभाग ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. जुन्या गॅस्केटचे तुकडे चिकटून राहिले असतील तर बोथट पट्टीने खरवडून काढा. त्यांच्यावर नवं गॅस्केट बसवलं की ते महिन्याभरात फुंकतं.

आधी नवी रबरं गाडीच्या बाजूच्या हुकांत घाला, साबणाचं पाणी लावून. मग डबा टांगा. गॅस्केट घालून फ्लँजचे बोल्ट हाताने चार-चार आटे फिरवा, आट्यांना कॉपर ग्रीस लावून. सरकवून बसणारा जोड असेल तर पाइप एकमेकांत चार-पाच सेंटिमीटर तरी जाऊ द्या आणि क्लॅम्प सैलच ठेवा. अजून काहीच आवळायचं नाही.

आता मागे जाऊन नीट पाहा. टेल पाइप बंपरच्या खाचेच्या मधोमध आहे का? सगळी रबरं सरळ खाली लोंबतायत का, की एखादं पुढे ओढलं गेलंय? डबा आणि पत्रा, पाइप आणि टाकी यांच्यात दोन ते अडीच सेंटिमीटर मोकळी जागा हवी, दोन बोटं आडवी सहज फिरली पाहिजेत. पाइप हाताने फिरवून, पुढे-मागे सरकवून जागा जुळवा.

मगच आवळायला सुरुवात करा, पुढच्या जोडापासून मागे येत. फ्लँजचे बोल्ट आलटून-पालटून, थोडे-थोडे. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर फ्लँज तिरकी बसते. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) असेल तर कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा घ्या. नसेल तर साधारणपणे आठ मिलिमीटरचा बोल्ट २०-२५ न्यूटन मीटरला, दहाचा ४०-५०ला धरतो. स्प्रिंगच्या बोल्टाला वेगळा नियम. त्याला खांदा असतो. खांदा टेकला की थांबायचं. स्प्रिंग पूर्ण दाबून टाकली तर जोडाची हालचाल बंद होते आणि इंजिनाचा हादरा थेट पाइपात येतो.

गाडी खाली उतरवा आणि फट पुन्हा तपासा. हे टाळू नका. घोड्यांवर असताना मागचा ॲक्सल खाली लोंबतो, म्हणून पाइप आणि ॲक्सलमध्ये भरपूर जागा दिसते. चाकं जमिनीला टेकली की ॲक्सल वर येतो. मागच्या सीटवर दोघांना बसवून, डिकीत थोडं वजन ठेवून पाहिलंत तर आणखी वर येतो. तेव्हाही बोटभर फट उरायला हवी. नाहीतर घोडबंदर रोडच्या पहिल्याच गतिरोधकावर ठक असा आवाज येईल.

चालू केल्यावर

पहिली दहा-पंधरा मिनिटं थोडा धूर आणि जळका वास येतो, तो डब्यावरच्या तेलाचा आणि रंगाचा. उघड्यावर होऊ द्या. जोडांजवळ हात न लावता कान द्या. मग गाडी पूर्ण गार करून सकाळची फडक्याची परीक्षा पुन्हा करा, आणि जोडांवर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे उठले तर त्या जोडाचे बोल्ट सैल करून पाइप पुन्हा जुळवा. नुसतं जास्त आवळून गळती जात नाही, बहुतेक वेळा फ्लँज तिरकी बसलेली असते.

सरळ रस्त्यावर, मग खडबडीत रस्त्यावर फिरवून आणा. एका ठरावीक वेगाला केबिनमध्ये घुमल्यासारखा आवाज येत असेल तर पाइप कुठेतरी पत्र्याला टेकतोय. टेकलेल्या जागी चमकदार ओरखडा सापडतो. शंभर-दीडशे किलोमीटर झाले की गार गाडीचे सगळे बोल्ट आणि क्लॅम्प एकदा पान्याने तपासा. गॅस्केट तापून बसतं आणि पहिल्यांदा थोडं सैल पडतंच.

पीयूसी जवळ आली असेल तर ती हे काम झाल्यावर काढा, आधी नको. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांत चाचणीत लॅम्डा (हवा आणि इंधनाचं प्रमाण दाखवणारा आकडा) १च्या आसपास, ०.०३ इकडे-तिकडे एवढाच यावा लागतो. जोड गळत असेल तर धुराच्या झोतांमधल्या क्षणात बाहेरची हवा आत ओढली जाते, यंत्राला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि इंजिन ठणठणीत असूनही आकडा चुकतो. अशा वेळी कुणी इंजिनाचं ट्यूनिंग सुचवलं तर आधी जोड तपासा.

जुना डबा भंगारवाल्याला वजनावर द्या. जुन्या भागाबरोबर कन्व्हर्टर निघाला असेल तर मात्र तो लोखंडाच्या भावात देऊ नका, आणि गॅरेजमध्ये काम करवून घेतलंत तर जुना कन्व्हर्टर मागून घ्या. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा थर असतो. मारुतीच्या ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जाण्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत घडले ते यासाठीच. तुमची ईको रस्त्यावर उभी राहत असेल तर नवा सायलेन्सर बसवताना फ्लँजच्या नटांवर एक-एक वेल्डिंगचा टिपका मारून घ्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून आणि टाकीपासून दूरच्या जोडावरच. पुढच्या वेळी तो कापावा लागेल, पण पान्याने दोन मिनिटांत निघणार नाही.